परतीच्या टाकीतला आकडा

तिचं खरं नाव विचारलंत तर काचघरातली माणसं आधी डोकं खाजवतात, मग एकमेकांकडे बघतात, आणि शेवटी म्हणतात, "कोण, भिंगरी होय?" झालं. भिंगरीच ती. बसायला स्टूल दिलं तर त्याच्या काठावर बसणार, तेही एक पाय दाराकडे करून. चहा कपातून घशात जाईपर्यंत हिचा दुसऱ्या कामाला हात लागलेला. नवरा शहरात बस चालवतो, चांगला सरळ, सावकाश माणूस आहे. पण भिंगरी कधी त्याच्या बसमध्ये बसली की पुढच्या सिग्नलला त्याच्या आधी हिचा पाय ब्रेक दाबतो. हवेतच! तो आरशातून बघतो आणि काही बोलत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणूस शिकतो.

अशा बाईला काम मिळालं ते पाण्याला खत पाजायचं. नशिबालाही कधीकधी चेष्टा सुचते.

काचघर म्हणजे काचेचं लांबलचक घर, आत ओळीने ढोबळी मिरची. जमिनीशी त्या झाडांचा काही संबंध नाही. नारळाच्या भुशाच्या पिशव्यांत ती उभी, प्रत्येकीच्या बुडाशी एक बारीक नळी, आणि त्या नळीतून थेंबथेंब येईल तेच त्यांचं जेवण. भिंगरी असते खतखोलीत, या टोकाला. तिथे मोठी पिंपं. एकात कॅल्शियम, दुसऱ्यात बाकीची खतं, कारण ही दोन्ही घट्ट असताना एकत्र आली की नासल्या दुधासारख्या गुठळ्या होतात आणि सगळ्या नळ्या तुंबतात. दोघांच्या दोन वेगळ्या नळ्या, दोघांना दोन व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह किती उघडायचा त्यावर झाडाच्या ताटात काय पडणार ते ठरतं. झाडांनी पिऊन उरलेलं पाणी पिशव्यांच्या खालून पन्हळीत उतरतं, उताराने वाहत वाहत पार त्या टोकाच्या परतीच्या टाकीत जमतं. तिथून ते गाळून, ताजं पाणी मिसळून पुन्हा खतखोलीत. म्हणजे पाण्याची आपली कायमची प्रदक्षिणा चाललेली.

आधी कसं होतं, तर संध्याकाळी निघताना भिंगरी परतीच्या टाकीतलं एक मगभर पाणी काढायची, त्यात पेनासारखं मीटर बुडवायची, कागदाच्या पट्ट्या भिजवून रंग बघायची, व्हॉल्व्ह हवा तसा जरासा फिरवायची आणि घरी. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा. दिवसभर तिचे हात पिंपं ढवळण्यात, पिशव्या उचलण्यात, झाडू मारण्यात अडकलेले असायचे. मिरच्या कशा, आरशासारख्या चकाकायच्या. मालकीणबाई पाहुण्यांना आणून दाखवायच्या, ही आमची खतखोलीची बाई. भिंगरी त्या दिवशी घरी जाऊन सासूबाईंना तीच गोष्ट तीनदा सांगायची.

मग सेन्सर आले.

बसवायला आलेला इंजिनिअर स्वतः काडीसारखा, आणि त्याची बॅग त्याच्याहून जड. त्याने परतीच्या टाकीत पेन्सिलीसारख्या कांड्या सोडल्या. एक नायट्रेटची, एक पोटॅशची, एक कॅल्शियमची. जुनं मीटर फक्त पाणी एकूण किती खारं ते सांगायचं. घरात कुणीतरी रुसलंय एवढं कळावं पण नेमकं कोण ते कळू नये, तशातली गत. या कांड्या नावासकट सांगायच्या, कॅल्शियम कमी पडलंय. आणि सांगायच्या कुठे, तर भिंगरीच्या मोबाईलवर! त्याने तिला कांड्यांची टोकं मऊ फडक्याने पुसायला शिकवलं, ती कधी कोरडी पडू द्यायची नाहीत म्हणून बजावलं, आणि आठवड्यातून एकदा, आकडा आधीच ठाऊक असलेल्या ठरावीक पाण्याच्या बाटलीत बुडवून त्या खरं बोलताहेत ना, ते तपासायला दाखवलं. जाता जाता म्हणाला म्हणे, की जरा आकडा हलला की लगेच हात लावत जाऊ नका. तोवर भिंगरी मोबाईल घेऊन पिंपाशी पोचलेली होती.

आता बघा. जिला गप्प बसवत नाही तिच्या हातात कुणी क्षणाक्षणाला बदलणारा आकडा देतं का? पण दिला. भाजी ढवळताना एका हातात मोबाईल. दात घासताना मोबाईल. आठवड्यातून एकदा तपासायच्या कांड्या ती रोज तपासायला लागली. सासूबाई म्हणाल्या, या मिरच्यांचं बारसं झालं की मला बोलवा, पतवंडांचं तर तुमच्याकडून काही व्हायचं नाही, मुलगी शिकायला लांब गेलीय ती काही एवढ्यात लग्न करत नाही. भिंगरीने ते ऐकलंसुद्धा नाही. कॅल्शियम खाली आलं होतं.

सकाळी कामावर पोचली की आकडा कमी दिसायचा. ती व्हॉल्व्ह जरा उघडायची. बघायची, आकडा ढिम्म. अजून जरा उघडायची. तरी ढिम्म. मग चांगला फिरवायची. आणि जेवणाच्या सुट्टीनंतर बघावं तर आकडा छताला! मग बंद करायला घ्यायची, तो उतरता उतरायचा नाही, म्हणून अजून बंद. दुसऱ्या सकाळी पुन्हा तळाला. मोबाईलवर दिवसांची रेघ उमटायची ती नुसती करवतीच्या दातांसारखी.

आणि मग मिरच्यांना डाग पडायला लागले. फळाच्या बुडाला तपकिरी, खोलगट, बोट लावलं तर मऊ. झाडाला कॅल्शियम धड मिळालं नाही की असा डाग पडतो, हे तिथे सगळ्यांना माहीत. दुकानांकडून क्रेट परत यायला लागले. मालकीणबाई कधी आवाज चढवत नाहीत, पण त्या दिवशी पॅकिंगच्या शेडमध्ये सगळ्यांना उभं करून एक डागाळलेली मिरची टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, हे काय आहे ते मला कुणीतरी सांगा.

भिंगरीकडे उत्तर तयार होतं. ते तिच्या डोक्यात आठवडाभर घोळत होतं. सकाळी मी व्हॉल्व्ह नीट लावते, दुपारी आकडा वर उडतो. म्हणजे मधे कुणीतरी हात लावतं. आणि दुपारी खतखोलीत येतं कोण? फिल्टर धुवायला निवांतराव.

निवांतराव हे पंपाचे माणूस. त्यांचंही खरं नाव पडलं मागे. वयाने मोठे, गुडघे दुखरे, चाल अशी की मुंगी पुढे निघून जाईल. पंपाच्या अंगावर तळहात ठेवून बसायचे, आणि तो आजारी आहे की बरा हे त्या थरथरण्यावरून ओळखायचे. दुपारचं जेवण झालं की बादली घेऊन खतखोलीत, व्हॉल्व्हच्या शेजारून आत जाऊन फिल्टरच्या चकत्या धुवायच्या, आणि आले तसे परत. भिंगरीला सावकाश माणसं बघितली की अंगावर मुंग्या यायच्या, त्यामुळे यांचं नि तिचं बेताचंच. भांडण नव्हतं हो. "दादा, आज पोचता का उद्या?" एवढं ती म्हणायची, आणि ते म्हणायचे, "ताई, चहा झाला का?" तेवढंच.

तिने मोबाईल पुढे केला, ती करवत मालकीणबाईंना दाखवली, आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मी कुणाचं नाव घेत नाही. पण दुपारी तिथे कोण जातं, ते तुम्हीच बघा."

आता याहून नाव घेणं म्हणजे आणखी काय असतं?

सगळ्यांच्या माना निवांतरावांकडे वळल्या. ते म्हणाले, मी हात लावलेला नाही. पण ते दाखवायला माझ्याकडे काही नाही. आणि बादली उचलून गेले. भिंगरी भांडणाची तयारी करून उभी होती, पदर खोचून, आणि समोर कुणीच नाही. तिला जिना उतरताना एक पायरी कमी निघावी तसं झालं.

मालकीणबाईंनी ठरवलं की सोमवारपासून निवांतराव पॅकिंगला, पंपावर दुसरा माणूस बघू. पॅकिंग म्हणजे दिवसभर उभ्याने काम. ते गुडघे आणि ते उभं राहणं, हे सगळ्यांना दिसत होतं, पण बोललं कुणी नाही. डाग तर होतेच ना समोर.

त्यातच सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. मोतीबिंदू, तसं किरकोळ, पण त्यांची साखर वर, म्हणून डॉक्टर म्हणाले, दोन दिवस इथेच राहा. सोबतीला भिंगरी. दवाखान्यात गेल्यागेल्या तिने पलंग भिंतीपासून सरकवला, पडदा सारखा केला, शेजारच्या बाईच्या चपला जोडीने लावल्या, आणि त्याच बाईच्या सलाईनच्या चाकाकडे हात गेला, का तर थेंब फार हळू पडताहेत. नर्सने तो हात वरच्यावर पकडला. काय बोलली ते सांगत नाही, पण भिंगरी नंतर बराच वेळ भिंतीकडे बघत बसली.

मोबाईल तर सासूबाईंनी आधीच काढून घेतला होता. एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्या डोळ्याने सुनेवर पहारा.

"अहो आई, एकदाच बघते. फक्त कॅल्शियम."

"माझ्या डोळ्याला पट्टी बांधलीय, तुझ्या बोटांनाही बांधून घ्यायची का? डॉक्टर अजून वॉर्डातच आहेत," सासूबाई म्हणाल्या, आणि मोबाईल उशीखाली घालून त्यावर डोकं ठेवून घोरायला लागल्या.

दोन दिवस! भिंगरीने वॉर्डातल्या फरशा मोजल्या नसतील तर नवल. काचघरात काय चाललं असेल, निवांतराव शेवटच्या दिवसांत राग काढत असतील का, आकडा कुठल्या कुठे गेला असेल, या विचाराने तिला बसल्या जागी घाम फुटायचा.

सासूबाईंना घरी सोडलं आणि तशीच ती कामावर. वाटेत बसमध्ये मोबाईल उघडला. आणि बघते तर रेघ सरळ. दोन्ही दिवस. एक दात नाही, एक टेंगूळ नाही. कुणी पट्टीने मारावी तशी.

तिला पहिल्यांदा वाटलं काय, तर कांडी मेली! काही कळेनासं झालं की आपण आधी दुसऱ्यालाच आजारी ठरवतो. पळत पळत परतीच्या टाकीशी गेली, कांडी बाहेर काढली, फडक्याने पुसली, ठरावीक पाण्याच्या बाटलीत बुडवली. कांडी अगदी ठणठणीत. बोलायचा तोच आकडा बोलली. पुन्हा पुसली, पुन्हा बुडवली. तिसऱ्यांदा पण.

मग तिने निवांतरावांना गाठलं. ते पंपाशी बसून आपलं सामान एका पिशवीत भरत होते. एक मग, एक टॉवेल, एक जुना रेडिओ. दोन दिवस फिल्टर कुणी धुतले, तिने विचारलं. मीच, ते म्हणाले. खतखोलीत जाऊन? मग काय बाहेर आणून धुऊ? व्हॉल्व्ह कुणी फिरवला? ते म्हणाले, संध्याकाळी मगात पाणी घेऊन पट्टी बुडवली होती, रंग बरोबर होता, म्हणून कुणी फिरवलाच नाही.

म्हणजे निवांतराव होते, फिल्टर धुतले जात होते, दुपार झाली होती. सगळं रोजच्यासारखं. नव्हतं फक्त एकच माणूस.

भिंगरी उपड्या क्रेटवर बसली. काठावर नाही, पूर्ण बसली. पण तिला खात्री करून घ्यायची होती. दुसऱ्या सकाळी तिने व्हॉल्व्ह जरासा उघडला, एकदाच, आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसली. तुम्हाला वाटेल त्यात काय मोठंसं. तिला विचारा. आकडा हलला नाही. हात वळवळायला लागले. आकडा हलला नाही. तिने उठून पिंप ढवळलं, झाडू मारला, मारलेल्या जागेवर पुन्हा मारला. पाणी तिकडे आपल्या चालीने निघालेलं. नळ्यांतून पिशव्यांत, पिशव्यांतून मुळांशी, मुळांनी हवं ते घेऊन खाली, पन्हळीतून टाकीकडे. डबा उघडला, परत बंद केला. आणि जेवणाची सुट्टी संपता संपता खतखोलीचं दार करकरलं, निवांतराव बादली घेऊन आत आले, आणि त्यांच्या पावलाबरोबर मोबाईलवरचा आकडा चढायला लागला.

सकाळी फिरवलेलं दुपारी पोचत होतं. नेमकं त्यांच्या येण्याच्या वेळेला. ती पहिल्या फिरवण्याचं उत्तर यायच्या आत चार वेळा प्रश्न विचारत होती, आणि सगळी उत्तरं एकदम आली की त्याचा आळ त्या वेळी दारात उभ्या असलेल्या माणसावर!

निवांतराव भिंतीला चिकटून, बादली छातीशी धरून, व्हॉल्व्हपासून जेवढं लांबून जाता येईल तेवढं लांबून आडवे आडवे चालत गेले. भिंगरीने बघितलं, पण तेव्हा तिच्या डोक्यात दुसरीच गिरणी चालू होती.

कारण आता खरी गंमत पुढे होती. तिने कुणाला काही सांगितलं नाही तरी चालणार होतं. इथून पुढे हात आवरला की रेघ सरळ, डाग बंद. निवांतराव सोमवारी पॅकिंगला गेले की सगळे म्हणणार, बघा, भिंगरीचं बरोबर होतं, माणूस हलवला आणि मिरच्या सुधारल्या. मालकीणबाई पुन्हा पाहुण्यांना आणणार. आणि सांगितलं तर? खतखोली जाणार. ती खोली म्हणजे या बाईची मिजास होती, खोटं कशाला बोला.

शनिवार-रविवार घराने भोगलं. तिने शेगडी घासली, कपाट रिकामं करून पुन्हा तसंच भरलं, मुलीला इतके फोन केले की शेवटी ती म्हणाली, आई, मी आधीच्या फोनमध्ये जे सांगितलं तेच आत्ताही आहे. नवऱ्याने पेपर तोंडासमोर धरला तो खाली केला नाही. सासूबाईंना मात्र एका डोळ्यानेही पुरेसं दिसत होतं. एरवी तुझी जीभ गिरणीच्या पट्ट्यासारखी चालते, त्या म्हणाल्या, दोन दिवस काय गिळून बसलीस? भिंगरीने सांगून टाकलं, सगळं, भांडी घासता घासता, नळ चालू ठेवून. सासूबाईंनी उठून नळ बंद केला. आणि विचारलं, त्या माणसाचे गुडघे कसे आहेत?

सोमवारी ती मालकीणबाईंच्या आधी त्यांच्या ऑफिसच्या दारात होती. त्या कुलूप काढायच्या आत हिने बोलायला सुरुवात केली.

"व्हॉल्व्ह मीच फिरवत होते. दादांनी कधी हात लावला नाही. माझं सकाळचं फिरवलेलं दुपारी दिसत होतं, आणि मी त्यांच्यावर ढकललं."

मालकीणबाईंनी कुलूप काढलं, आत जाऊन बसल्या, हिला बसायला सांगितलं नाही. सगळं पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. इंजिनिअरला फोन लावला, त्यानेही सांगितलं की परतीच्या टाकीतला आकडा आत्ताचाच असतो, पण पाणी सकाळचं असतं. मग त्या खतखोलीत आल्या आणि व्हॉल्व्हचा दांडा पाना लावून काढून घेतला. दांडा काढला की व्हॉल्व्ह नुसता खुंटा, बोटांनी फिरत नाही. निवांतराव परत पंपावर येतील, त्या म्हणाल्या. आकडे तुम्ही बघायचे, आणि फिरवतील ते, त्यांना योग्य वाटेल तेव्हा. नायट्रेट काय, पोटॅश काय, त्यांना तुम्ही शिकवायचं. आणि हा दांडा त्यांना तुम्हीच नेऊन द्यायचा. नाव सगळ्यांसमोर घेतलंत, तेव्हा हेही सगळ्यांसमोर.

पॅकिंगच्या शेडमध्ये निवांतराव खोक्यांना टेप लावत उभे होते, एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत. भिंगरी दांडा घेऊन त्यांच्यासमोर गेली. हात थांबले सगळ्यांचे. पाठ केलेलं सगळं ती विसरली, आणि जे आलं ते बोलली, चूक माझी होती, तुमची काही नव्हती, मी उगाच तुमच्यावर आळ घेतला दादा.

त्यांनी आधी हातातलं खोकं पूर्ण केलं. टेप कापली, कडा दाबली. मग म्हणाले, "मला तर वाटायला लागलं होतं, येता-जाता माझाच धक्का लागतो का काय. अंग चोरून चालत होतो मी त्या खोलीत."

तेव्हा तिला ती छातीशी धरलेली बादली दिसली. आता दिसली. आणि ती एकदम सुटली, माफ करा दादा, माफ केलंत ना, राग नाही ना धरणार, सांगा ना.

"थांबा जरा, ताई," ते म्हणाले. "लगेच नाही सांगता येणार." दांडा घेतला, खिशात घातला, आणि पिशवी उचलून पंपाकडे निघाले. त्यांच्या त्याच चालीने.

आता काम कसं चालतं म्हणाल, तर असं. डाग असलेली फळं तोडून झाली, नवी धरलेली अजून बारीक आहेत, ती कशी निघतात ते कळायला वेळ आहे. सकाळी निवांतराव येतात, भिंगरी आकडे वाचून दाखवते, कांड्या कशा पुसायच्या ते शिकवते, ते ऐकून घेतात, वाटलं तर दांडा लावून जरासं फिरवतात आणि दांडा काढून घेऊन जातात. चहाचं मात्र त्यांनी अजून विचारलेलं नाही. पहिल्या दिवशी भिंगरीनेच तीनदा चहा नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी चौथा कप घेऊन निघाली तेव्हा त्यांनी तिसरा न प्यायलेला तसाच पंपावर ठेवलेला दिसला, वर साय धरलेला. ती दारातच थबकली. हातातला कप तिने स्वतःच पिऊन टाकला, गरम गरम, आणि परत फिरली.

काल कॅल्शियम जरा खाली आलं. ती उठली, पंपापर्यंत गेली, म्हणाली, दादा, खाली आलंय, बघता का?

"सकाळी फिरवलाय," ते म्हणाले. "पोचू दे."

तिला त्यांचा चेहरा वाचायचा होता, पण ते पंपाकडे बघत होते. ती परत येऊन क्रेटवर बसली. मोबाईल मांडीवर उपडा ठेवला. उलटा करून बघितला. परत उपडा ठेवला. एक पाय जमिनीवर टकटक वाजत होता. जेवणाच्या सुट्टीला अजून अवकाश होता.